काचेखालची जाळी

"आता कुठे ओतू?" माईंनी बाहेरून विचारलं.

"दारावर. पण खालच्या कडेला. वर नको."

"खालीच ओततेय गं. तुला दिसतंय का काही?"

काही दिसत नव्हतं. मी गाडीच्या आत उताणी पडले होते. डोकं डॅशबोर्डखाली, पाठ ओल्या जाजमावर, पाय सीटवरून मागे टाकलेले आणि हातात टॉर्च. ऋजूच्या पावडरचा डबा अर्धाअधिक रिकामा करून मी आतली प्रत्येक कड पांढरी करून ठेवली होती. पाणी जिथून शिरेल तिथे पावडरीत रेघ उमटेल, एवढीच माझी अक्कल. बाहेर माई, म्हणजे माझ्या सासूबाई, पदर खोचून, डोक्याला पंचा गुंडाळून बागेची नळी धरून उभ्या होत्या. श्रावणातली मधलीच उघडीप होती. डोंगराकडे बघितलं की कळत होतं, ही काही टिकायची नाही.

माजघराच्या खिडकीचे गज धरून ऋजू सगळं बघत होती. माझी लेक, चार वर्षांची.

"आजी, तू गाडीला आंघोळ घालतेस?"

"नाही गं बाई. गाडीचं दुखणं शोधतोय आम्ही."

"गाडीला शू झालीय. मी आईला कधीच सांगितलंय."

एवढं म्हणाली आणि खोकली. लहानसा, कोरडा खोकला. बाहेर नळीचं पाणी थांबलं. आत माझा टॉर्च थांबला. दोघी दुसऱ्या खोकल्याची वाट बघत होतो. तो आला नाही, तेव्हा पाणी पुन्हा दारावर पडायला लागलं.

सगळी गोष्ट त्या खोकल्याचीच होती. जूनमध्ये ऋजूला साधी सर्दी झाली आणि सर्दीचा दमा झाला. देवरुखच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि कोल्हापूरच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. तेव्हापासून आंबा घाट चढायचा, छाती तपासून घ्यायची, औषधं बदलून घ्यायची आणि घाट उतरायचा, असं चाललं होतं. दोनदा तिला तिथेच ठेवून घेतलं होतं. दुसऱ्यांदा तिच्या नाकाला लावलेली ती नळी बघून मी बाहेरच्या बाकावर येऊन बसले होते, आणि मला स्वतःचं नावसुद्धा नीट सांगता येत नव्हतं.

"घरात कुठे ओल आहे का? बुरशी?" डॉक्टरांनी विचारलं होतं.

घरी येऊन मी भिंती खरवडल्या. गाद्या बदलल्या. पडदे काढले, कापसाची बाहुली काढली, त्यापायी ऋजू दिवसभर माझ्याशी बोलली नाही. खोकला जाईना. मग हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं, की घरात ती बरी असते. गाडीत बसली की साखरपा यायच्या आधी नाक चोळायला लागते, घाट सुरू झाला की खोकते, आणि कोल्हापुरात पोचेपर्यंत तिची छाती वाजायला लागलेली असते. आम्ही तिला ज्या गाडीतून औषधाला नेत होतो, त्या गाडीतच तिचं दुखणं होतं.

हे मी म्हटलं आणि कुणालाच पटलं नाही.

श्रीरंग, माझा नवरा, जहाजावर होता. आठवड्यातून एकदा फोन यायचा, तोही घरघरत.

"अगं, काच खाली राहिली असेल."

"नाही राहिलेली. मी रोज बघते."

"मग छत्री ठेवली असशील आत."

"श्रीरंग, पायाखालचं जाजम पिळलं तर तांब्याभर पाणी निघतं. छत्रीचं एवढं निघतं का?"

"तू जरा काळजी कमी कर, मुक्ता. तुला सगळीकडे ओलच दिसते."

त्याच्या चारी बाजूंना समुद्र होता आणि आत थेंब नव्हता. त्याला काय सांगणार?

गॅरेजच्या सुर्वे मेस्त्रींनी तर दाराची रबरं बदलली, पुढच्या काचेच्या कडेनं काळं सिलिकॉन फासलं, दोन बादल्या पाणी टपावर फेकलं आणि म्हणाले, "झालं वहिनी. आता थेंब नाही यायचा."

दुसऱ्या दिवशी मी सांगायला गेले, "आला."

"दार उघडं राहिलं असेल."

"नव्हतं."

"वहिनी, गाडी तुमच्या सासऱ्यांच्या वेळची. जुनं माणूस कसं, थोडं गळतंच की. भाऊ आले की सांगा त्यांना, बघू."

भाऊ, म्हणजे श्रीरंग, यायला दिवाळी उजाडणार होती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला कोल्हापूरला जायचं होतं.

एसटीने जावं तर ऋजूला वाटेत धाप लागली की उतरायचं कुठे? एकदा माई बरोबर आल्या होत्या, पण घाटात त्यांना गाडी लागली आणि माझ्यावर दोघींना सांभाळायची पाळी आली. एक डोळा रस्त्यावर, एक आरशात. तेव्हापासून माई घरी राहायच्या आणि आम्ही दोघी जायचो. म्हणून त्या दुपारी मी ठरवलं, की कुणी येवो न येवो, पाणी आज सापडलं पाहिजे. माईंना विचारलं, नळी धराल का? त्या चहाचा कप तसाच ठेवून उठल्या.

दारावर काही निघालं नाही. टपावर काही निघालं नाही. पावडर आपली पांढरीशुभ्र.

"आता पुढच्या काचेवर, माई. खालपासून."

"थांब. फूल काढते."

गाडीच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, वायपर पोचत नाही अशा जागी, माईंनी सकाळी ठेवलेली जास्वंद होती. देवाची पूजा झाली की एक फूल गाडीला, हा त्यांचा रोजचा नेम. त्यांनी ते उचललं, डोळ्यांना लावलं आणि पडवीच्या कठड्यावर ठेवलं. मग नळी काचेवर धरली.

मी वाट बघत राहिले. काचेवरून पाणी घळघळ वाहत होतं. आत काही नाही. मानेला रग लागली. वरून ऋजूचं आपलं चालू होतं, "आई, तू मेलीस का? हलत का नाहीस?" आणि माई तिला दटावत होत्या, "असं अभद्र बोलू नये!" आता थांबवा म्हणावं, म्हणून मी तोंड उघडलं आणि माझ्या कपाळावर टप्पकन थेंब पडला.

गार. घाण वासाचा.

मी टॉर्च वर केला. डॅशबोर्डच्या आत, काचेवर हवा फेकणाऱ्या ब्लोअरच्या काळ्या डब्याच्या खालून पावडरीत एक रेघ निघाली होती. बघता बघता रेघेची धार झाली आणि ती धार जाजमाच्या खाली शिरली.

"माई! सापडलं!"

"कुठून? काचेतून?"

"काचेतून नाही! ब्लोअरमधून! वरून कुठून तरी भरतंय आणि भरलं की आत सांडतंय!"

मी बाहेर कशी आले मला ठाऊक नाही. माझं तोंड पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं झालं असणार, कारण ऋजू टाळ्या वाजवायला लागली. माईही हसल्या. कित्येक दिवसांत आम्ही तिघी एकदम हसलो नव्हतो.

बॉनेट मी जन्मात उघडलं नव्हतं. दांडी लावेपर्यंत माईंनी ते दोन्ही हातांनी तोलून धरलं. काचेच्या पायथ्याशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक काळी प्लास्टिकची जाळी होती. काचेवरचं पाणी त्या जाळीतून खाली जात असणार आणि कुठून तरी बाहेर पडत असणार. ते पडत नव्हतं. हे कळायला काही इंजिनियर व्हायला नको होतं. मोरीत पाणी तुंबलं की आपण काय बघतो?

"स्क्रू आहेत, माई. पेचकस कुठंय?"

"श्रीरंगनं कुठे ठेवलाय देव जाणे. मशीनचा चालेल?"

शिवणयंत्राच्या खणातला तो चिमुकला पेचकस घेऊन त्या आल्या. मी स्क्रू काढले. जाळी उचलली. खाली पन्हळीसारखा लांबोडका खळगा होता आणि तो काठोकाठ भरलेला होता, काढ्यासारख्या काळ्या पाण्यानं.

मी बाही वर केली आणि हात कोपरापर्यंत आत घातला.

"जपून हो. विंचू-बिंचू असेल."

पहिल्या मुठीत पानं आली. कुजलेली, चिकट. "बकुळीची," माई म्हणाल्या. "मी म्हणत होते ना, त्या झाडाखाली लावू नये गाडी." दुसऱ्या मुठीतही पानंच. मग माझी बोटं तळाशी एका भोकाजवळ गेली. तिथे बोळा घट्ट बसला होता, बाटलीला बूच बसावं तसा. मी तो नखांनी सैल केला, ओढला, आणि एकदम खळ्ळ आवाज झाला. सगळं काळं पाणी गरगरत त्या भोकात गेलं आणि पुढच्या चाकाच्या मागून भसाभसा अंगणात पडलं. ऋजू खिडकीतून किंचाळली, "बघ! शू!"

मी हातातला बोळा उघडला.

मी वनस्पतीशास्त्र शिकलेली. कॉलेजात असताना चिखलातून काढलेले अवशेष बशीत सुटे करून ओळखायचे, हे मी पुष्कळदा केलं होतं. इथे तर काही ओळखायची गरजच नव्हती. जास्वंदीच्या मधल्या तुऱ्याची दांडी कुजता कुजत नाही, त्या पंधरा-वीस एकमेकींत अडकल्या होत्या. झेंडूच्या पाकळ्यांचा लगदा. तगरीचे देठ. हाराचा दोरा, गुंडाळी होऊन. फुगलेले तांदळाचे दाणे, अजून कडांना लालसर. आणि या सगळ्यात एक दूर्वांची जुडी, तिला पांढरी मुळं फुटून ती आत छान रुजली होती.

माई जवळ आल्या. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. मग त्यांनी पडवीच्या कठड्याकडे बघितलं, जिथे सकाळची जास्वंद ठेवली होती.

"हा पाला नाही," त्या म्हणाल्या.



अण्णा, माझे सासरे, होते तेव्हा गाडीला दसऱ्याचा हार तेवढा असायचा. हे रोजचं फूल जूनमध्ये सुरू झालं. ऋजूला पहिल्यांदा कोल्हापूरला नेलं त्या सकाळी मी घाईघाईनं गाडी काढत होते आणि माई पळत आल्या होत्या, काचेवर फूल ठेवायला. मग रोज एक. दुसऱ्यांदा तिला दवाखान्यात ठेवलं, तेव्हापासून आम्ही निघालो की ओंजळभर फुलं, दूर्वा आणि अक्षता. पोर जितकी जास्त खोकायची तितकी फुलं वाढत गेली. वारा लागला की ती जाळीत, पाऊस पडला की भोकात.

हे सगळं मला त्या एका मुठीत दिसलं आणि मी मान वर केली तेव्हा माईंनाही दिसलेलं होतं. त्यांचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. अण्णा गेले तेव्हाही नाही.

"म्हणजे मीच…" त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

'नाही हो माई' असं म्हणायला मला एक श्वास पुरला असता. तो श्वास मी घेतला, पण माझ्या कानात त्या दवाखान्यातल्या मशीनची घरघर होती.

"उद्यापासून फूल नको, माई," मी म्हटलं.

"बरं."

त्यांनी घमेलं आणलं. सगळा कुजका लगदा हातांनी त्यात भरला, एक पाकळी खाली सांडू दिली नाही. कचऱ्यात कसा टाकणार, निर्माल्यच होतं ते. परसात जाऊन त्यांनी ते जास्वंदीच्याच बुंध्याशी घातलं आणि बराच वेळ तिथे हात धूत बसल्या. मी तोवर जाजम उपसलं, खालचं कुबट फेल्ट फाडून काढलं, पत्रा साबणाच्या पाण्यानं पुसला. पाऊस परत आला तेव्हा मी नव्यानं पावडर टाकून आत बसून बघितलं. पावडरीत रेघ नव्हती. एकसुद्धा नव्हती. मला वाटलं, जिंकलं.

सकाळी निघताना माई पायरीवर उभ्या होत्या. त्यांची आंघोळ, पूजा झालेली होती. हात मागे.

ऋजू मागच्या सीटवर ओढणीनं बांधून घेत होती. ती म्हणाली, "आजी, गाडीला फूल?"

"आज गाडीला सुट्टी," माई म्हणाल्या.

"शाळेसारखी?"

"हो. शाळेसारखी."

मी गाडी मागे घेतली तेव्हा त्यांनी हात हलवला. दुसरा हात मागेच राहिला. फाटकातून वळताना आरशात बघितलं, तर त्यांनी तो पुढे घेतला होता आणि मुठीत काहीतरी लाल होतं. तोडायची सवय हाताला असते, ती काय एका रात्रीत जाते?

साखरपा मागे पडला. ऋजूनं नाक चोळलं नाही. ती तिच्या नव्या, रबराच्या बाहुलीचं लग्न कुणाशी लावायचं ते मला विचारत होती आणि मी उगीचच हसत होते. गाडीत वास नव्हता, पायाखाली उघडा पत्रा खडखडत होता आणि मला तो खडखडाट गोड लागत होता. मनात मी श्रीरंगला फोनवर सांगतसुद्धा होते, बघ, म्हटलं नव्हतं?

घाटाच्या मध्यावर धुकं आलं. तिथे ते असं येतं, की कुणी तोंडावर ओलं फडकं टाकावं. पाऊस बाहेर आणि काचेवर आतून वाफ. मी पुसली, पुन्हा आली. पुसली, पुन्हा आली. एका वळणावर समोरून ट्रकचा भोंगा इतका जवळून आला, की मी गाडी कडेला दाबली आणि काही विचार न करता ब्लोअर लावला.

काच खालून वर, दोन पंख्यांच्या आकारात स्वच्छ होत गेली. रस्ता दिसला. पांढरा पट्टा दिसला. आणि मग वास आला.

मी जाळी साफ केली होती. वाट मोकळी केली होती. त्या डब्याच्या पोटात दोन महिने सांडलेल्या पाण्यानं काय उगवून ठेवलं असेल, याचा मी विचारच केला नव्हता. आता तो पंखा ते सगळं घुसळून माझ्या लेकीच्या तोंडावर मारत होता.

"आई, वास," ऋजू म्हणाली. मग खोकली. मग पुन्हा, आणि मग खोकल्याला खोकला लागला.

ब्लोअर बंद केला. काचेवर पुन्हा वाफ आली. पुढे दरी का डोंगर, काही कळेना. लावला तर ती खोकते, बंद केला तर आम्ही दोघी दरीत. मी तसंच, दार उघडून, पांढऱ्या पट्ट्याकडे बघत बघत गाडी पुढच्या कठड्यापर्यंत नेली आणि थांबवली.

मागे गेले. ओढणी सोडली. तिच्या गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता, प्रत्येक श्वासाला. दम्याचा फवारा काढला, त्याचं नळकांडं तिच्या तोंडावर धरलं. "घे सोन्या. आत घे. हळू." तिनं घेतला. तिला सगळं यायचं, चार वर्षांच्या पोराला येऊ नये इतकं. माझ्याकडे बघत बघत ती श्वास ओढत होती, मी सांगेन तसा, आणि तो आत जात नव्हता.

मी चारही काचा खाली केल्या. दारं उघडली. वारा आला आणि त्याच्याबरोबर पाऊस. आडवा, सरळ आत. सीटवर, पत्र्यावर, माझ्या पाठीवर, ऋजूच्या फ्रॉकवर. कालची अख्खी दुपार मी एकेक थेंब शोधण्यात घालवली होती, आणि आता मी स्वतःच्या हातानं पाऊस आत घेत होते, कारण त्यात निदान हवा होती.

फोनला रेंज नव्हती. एक एसटी वर चढत गेली, तिच्या खिडक्यांतून लोकांनी आमच्याकडे बघितलं. मी हात केला. धुक्यात ड्रायव्हरला दिसला नसेल.

पुन्हा फवारा दिला. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं करून झालं होतं. बसवून ठेवा. धीर द्या. थांबा. औषधाला वेळ लागतो.

"आई," ऋजू म्हणाली. एका श्वासात एकच शब्द. "आजीचं. फूल. नाहीये."

"नाहीये सोन्या. बोलू नको."

"म्हणून?"

मी काय सांगणार होते? बुरशी, डबा, पंखा? तिचे ओठ कडेनं निळसर दिसायला लागले होते. मी तिला सीटला टेकवून ठेवलं, "आलेच हं, इथेच आहे," म्हटलं आणि खाली उतरले. कठड्याशेजारच्या उतारावर तेरडा फुलला होता, धुक्यातही गुलाबी. मी एक फूल तोडलं, मुळासकट उपटलं म्हटलं तरी चालेल. आणि गाडीच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, वायपर पोचत नाही तिथे, माई ठेवायच्या तिथेच, ठेवलं. हात जोडल्याचं मला आठवत नाही. जोडले असतील.

"ठेवलं," मी मागे येऊन म्हटलं. "बघ. दिसतंय?"

तिनं मान हलवली.

मग मी तिला मांडीवर घेऊन उघड्या दारात बसले, पाय बाहेर पावसात. तिची पाठ माझ्या छातीवर. तिचा एकेक श्वास मी माझ्या बरगड्यांवर घेत होते. कधीतरी तो थोडा लांबला. मग आणखी थोडा. गळ्याखालचा खळगा कमी खोल झाला. औषध लागू पडलं होतं. मी विज्ञान शिकलेली बाई आहे, मला ठाऊक आहे औषधच लागू पडलं. मी ते तेव्हाही स्वतःला सांगत होते.

कोल्हापुरात आम्ही निथळत पोचलो, सगळ्या काचा उघड्या ठेवून. डॉक्टरांनी तिला वाफ दिली, दुपारभर ठेवून घेतलं. संध्याकाळी घरी सोडलं. उतरताना धुकं नव्हतं. ऋजू मागे झोपली होती आणि मी आरशात तिच्या छातीचं वर-खाली बघत घाट उतरले.

माई फाटकातच उभ्या होत्या. किती वेळच्या, कोण जाणे. पायांना चिखल लागला होता.

"किती उशीर गं. वाटेत काही त्रास?"

"नाही," मी म्हटलं. "छान गेली. बोलत होती सगळा वेळ."

"खोकली नाही?"

"नाही."

"वास?"

"अजिबात नाही, माई."

"मग ठीक." त्यांचे खांदे खाली आले. "मग ठीक झालं बाई. फूल बंद केलं ते बरंच झालं."

त्या ऋजूला उचलायला मागच्या दाराशी निघाल्या. गाडीच्या पुढून जाताना थांबल्या. काचेच्या कोपऱ्यात तो तेरडा होता. दिवसभराच्या पावसानं चोथा झालेला, काचेला चिकटलेला, पण गुलाबी. त्याची एक पाकळी सुटून जाळीच्या काठावर आली होती.

माईंनी फुलाकडे बघितलं. मग उघड्या काचांकडे, पाणी साचलेल्या सीटकडे. मग माझ्याकडे. मी किल्लीशी खेळत राहिले.

त्यांनी दोन बोटांनी ती पाकळी आधी उचलली, मग फूल, अलगद, खाली पडू न देता, आणि पदरात घेतलं.

"इथे नको ठेवू हो," त्या हळूच म्हणाल्या. "जाळीत जाईल."